यॉर्कटाऊन, व्हाया वडगाव

लहानपणी कामशेतला मावशीकडे जाताना एसटी वडगावला थांबली की वडील न चुकता म्हणायचे, "इथं इंग्रजांनी शरणागती लिहून दिली." मी खिडकीतून मान बाहेर काढून बघायचो. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसायचं, शरणागती कुठं दिसायची नाही. पुढे वाचन वाढलं तसं कळलं, की राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला घाट चढून आलेली मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावला पोचली तर गाव ओसाड, दाणागोटा जाळलेला. मागे फिरली आणि वडगावात महादजी शिंद्यांनी तिला कोंडलं. जानेवारी १७७९. साष्टी परत करू, १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करू, असं लिहून देऊन साहेब सुटला. मग मुंबई म्हणाली, सह्या करणाऱ्यांना तेवढा अधिकारच नव्हता. कलकत्त्यानंही तेच म्हटलं. कागद गेला केराच्या टोपलीत.

याच काळात पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, अमेरिकेत, इंग्रज फौज आणखी एका गावात कोंडली गेली, तिनंही कागद लिहून दिला, आणि तो मात्र टिकला. का? हा प्रश्न चाळीस वर्षं डोक्यात होता. रिचमंडला पुतण्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "काका, यॉर्कटाऊन इथून तास-सव्वातासावर आहे, पण तिथं बघायला काही नाही." मी लगेच बूट चढवले.

आदल्या रात्री विल्यम्सबर्गला मुक्काम केला, ही चूक. खोलीतल्या एसीला पिठाच्या गिरणीचा आवाज, आणि नाश्त्याला कार्डबोर्डच्या चवीचे वॅफल. विल्यम्सबर्ग म्हणजे अठराव्या शतकाचं जतन केलेलं शहर. तिकोनी टोप्या, घोडागाड्या, मेणबत्त्या ओतणारी माणसं. सगळं इतकं टापटीप की तासाभरात मी कंटाळलो. तिथून यॉर्कटाऊनला जाणारा रस्ता मात्र झकास. कॉंक्रिटमध्ये खडी उघडी ठेवलेली, मध्ये पांढरा पट्टा नाही, दुतर्फा झाडं.

गाव नदीकाठच्या कड्यावर आहे. यॉर्क नदी इतकी रुंद की तिला खाडीच म्हणावं. याच पाण्यात ७ नोव्हेंबर १७७४ ला गावकऱ्यांनी 'व्हर्जिनिया' नावाच्या जहाजावर चढून चहाच्या दोन अर्ध्या पेट्या बुडवल्या. बॉस्टनच्या ३४२ पेट्यांपुढे हे म्हणजे सार्वजनिक गणपतीपुढे घरगुती. पण मला हाच प्रसंग आवडतो. बंड पेटलं ते चहा महाग झाला म्हणून नव्हे. १७७३ च्या कायद्यानं चहा उलट स्वस्त व्हायचा होता. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडत होती, बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती, आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. तो खपवायला कंपनीला थेट विक्रीची मुभा दिली, कर मात्र कायम ठेवला. पौंडामागे तीन पेनी. फ्रेंचांशी झालेल्या लढायांचं कर्ज वसाहतींकडून फेडून घ्यायचा उद्योग १७६५ च्या स्टँप ॲक्टपासून सुरूच होता. ज्या पार्लमेंटात आपला एक माणूस नाही, तिनं खिशात हात का घालावा, एवढाच सवाल. थोडक्यात, आपल्याला छळणारी कंपनीच इथंही निमित्त झाली.

नेल्सन यांच्या घराच्या विटांत तोफगोळे रुतलेले दिसतात. विजयस्तंभ उंच आहे, फोटो काढला, पुढे गेलो. इंग्रजांचे नऊ आणि दहा नंबरचे बुरुज म्हणजे आता गवत उगवलेले मातीचे उंचवटे. १४ ऑक्टोबर १७८१ च्या रात्री नववा फ्रेंचांनी घेतला, दहावा अमेरिकन हॅमिल्टनच्या तुकडीनं. मी त्या खंदकाच्या कडेला बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. महादजींनी असा एकेक हात मोजून खंदक खणला नव्हता. त्यांनी वाट अडवली आणि पोट अडवलं.

शरणागतीच्या मैदानावर माहिती सांगायला एक म्हातारे गृहस्थ होते, जन्मभर इतिहास शिकवलेले. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस आजाराचं निमित्त करून आलाच नाही, त्यानं जनरल ओहाराला पाठवलं. ओहारा आधी फ्रेंच सेनापती रोशांबोकडे वळला. त्यानं वॉशिंग्टनकडे बोट केलं, वॉशिंग्टननं आपला दुय्यम लिंकन याच्याकडे. लग्नात रुसलेल्या व्याह्यानं धाकट्या भावाला पुढे करावं, तसा हा मानपान. गृहस्थ म्हणाले, इंग्रजांच्या बँडनं तेव्हा जग उलटंपालटं झाल्याचं गाणं वाजवलं. मी म्हटलं, "ही गोष्ट तर जवळपास अर्ध्या शतकानं छापून आली ना?" ते मिश्कील हसले. "तुम्ही पैसे वसूल करणारे पाहुणे दिसता."

मग मी माझा जुना प्रश्न काढला. त्यांचं उत्तर तयार होतं: फ्रेंच आरमार. द ग्रासनं ५ सप्टेंबरला समुद्राचं तोंड बंद केलं म्हणून कॉर्नवॉलिस अडकला. खंदकातले जवळपास निम्मे सैनिकही फ्रेंचच. मी म्हटलं, बरोबर, पण हे अडकण्याचं कारण झालं, कागद टिकण्याचं नव्हे. न्यूयॉर्कात इंग्रज सेनापती क्लिंटनची फौज शाबूत होती, जशी वडगावच्या वेळी गॉडर्डची उत्तरेतून येत होती. लढायचं असतं तर लढता आलं असतं. फरक पडला लंडनमध्ये. युद्धाचा खर्च पार्लमेंटला सोसेना, १७८२ च्या मार्चमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थला जावं लागलं. आपल्याकडे युद्ध कंपनीचं होतं, आणि तिला हिंदुस्थानातूनच वसुली करायची होती. ती कशाला कंटाळेल? गृहस्थांनी मान हलवली. "आरमार नसतं तर लंडन तरी कशाला कंटाळलं असतं?" यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

त्यांना मी कॉर्नवॉलिसचं पुढचं सांगितलं. पाच वर्षांत तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला कोंडताना आमचे हरिपंत फडके त्याच्या बाजूला होते, आणि त्याची कबर गाझीपूरला गंगेकाठी आहे. गृहस्थांनी वहीत लिहून घेतलं.

निघताना त्यांनीच पलीकडच्या झाडीकडे हात केला. स्वातंत्र्याच्या आशेनं मळे सोडून इंग्रजांकडे पळून आलेले शेकडो काळे गुलाम गावात होते. देवी पसरल्या, अन्न संपत आलं, तसं कॉर्नवॉलिसनं त्यांना बाहेर काढलं. दोन्ही फौजांच्या मधल्या रानात ते मेले. जे जगले त्यांना मालक शोधत आले, आणि शरणागतीच्या कलमांत मालमत्ता परत मागायची सोयही होती. वॉशिंग्टनच्या बाजूनं लढणाऱ्या लाफायेतसाठी हेरगिरी करणारा जेम्स नावाचा गुलाम सुद्धा सुटला तो १७८७ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं ठराव केल्यावर.

जवळचं जेम्सटाऊन बघायचं राहिलं होतं. पुतण्यानं गाडी चालू केली. "काका, जायचं ना?" मी नको म्हटलं. त्याच बिनपट्ट्याच्या रस्त्यानं परत निघालो. दुतर्फा झाडं होती, आणि सकाळी ती मला नुसती झाडं वाटली होती.