हायब्रीड

परवा गावाहून पुतण्याचा फोन आला. "काका, आपल्याकडे पूर्वी खरिपात जी गावरान ज्वारी असायची, तिचं नाव काय हो? बी मिळालं तर अर्धा एकर पेरीन म्हणतो." २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून त्याला हा नाद लागलाय.

मला उत्तर देता येईना, कारण ती ज्वारी घरातून घालवण्यात माझाही हात आहे.

सीएसएच-१ ही संकरित ज्वारी १९६४ साली आली. मराठवाड्यातल्या आमच्या गावात ती पोचली १९६७ला. तिचे पत्रक दादांना मीच वाचून दाखवले. घरात शिकलेला मी एकटाच ना! एकरी तीन पोत्यांवर समाधान मानणाऱ्या दादांना त्या वर्षी नऊ पोती झाली. माझ्या कॉलेजची फी त्यातूनच गेली, हे विसरून चालणार नाही.

आईचे मात्र तिच्याशी कधी जमले नाही. ताटे बुटके, म्हणून बैलांना कडबा पुरेना. शंभर दिवसांत तयार होणारी, म्हणजे ऐन पावसात कणसे भरणार. मग दाणा काळा पडे आणि भाकरी थापताना तुटे. शिवाय तिचे बी घरी ठेवून भागत नसे. पुन्हा पेरले तर पहिल्यासारखे पीक येत नाही, म्हणून दर मृगाआधी तालुक्याच्या दुकानात जायचे. (अशक्त पोराला 'हायब्रीड' म्हणायची पद्धत तेव्हाचीच.)

आईने हट्टाने बांधालगत जुन्या ज्वारीचा एक पट्टा राखला होता. त्याचे बी ती राखेत कालवून गाडग्यात ठेवायची.

१९७२ला पाऊस गेला. हायब्रीड वाळली, तो पट्टाही वाळला. पुढे रेशनवर लाल मिलो मिळू लागला, पण त्याआधीच्या आठवड्यात घरात दाणा नव्हता. आईने गाडगे उतरवले, बी तीनदा धुतले, उन्हात घातले आणि दळले. त्या भाकरीला राखेचा वास होता. आम्ही सगळे जेवलो. ती नंतर जेवते म्हणाली.

पुढच्या मृगाला दादांनी सगळ्या रानात हायब्रीडच पेरली. दुसरे बी नव्हतेच.

पुतण्याला एवढेच सांगितले, की आम्ही तिला नुसती 'ज्वारी' म्हणायचो. नाव लागायचे ते दुसरीला.

"अहो काका, मग नावाशिवाय शोधू कशी?" तो म्हणाला.