नावं आधी, स्तंभ मग

खडकी, पुणे ३
३ नोव्हेंबर

चि. बाळू यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि स्मारकाचा आराखडा मिळाला. ग्रामसभेत ठराव झाला, वर्गणीही जमू लागली, हे वाचून फार बरं वाटलं. आयुष्य खडकीत गेलं, तुझे आतोबा सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या अभियंता पलटणीतून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा आराखड्यात काय कमी आहे ते मी सांगावं, असं तू लिहिलंस. काळ्या दगडाचा स्तंभ, वर बंदूक आणि शिरस्त्राण, भोवती कारंजं, सगळं नीट आखलंय. पण त्यात एकाही जवानाचं नाव नाही. 'गावातील सर्व शूर जवानांना अभिवादन' एवढी एकच ओळ आहे. माझं सगळं म्हणणं त्या एका ओळीबद्दल आहे, आणि तू सरपंच आहेस म्हणून ते सविस्तर लिहिते.

आपल्या गावानं आपल्या वीरांची खूण याआधी दोनदा केली आहे. पहिली मारुतीच्या देवळामागची वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतो कीर्ती राहावी म्हणून ते कोरलेले. पण तो कोण होता, कुणाचा मुलगा, कुणाशी लढताना पडला, हे आज गावात कुणीच सांगू शकत नाही. दुसरी खूण चावडीच्या भिंतीतली पाटी. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं अशा पाट्या गावोगाव बसवल्या. या गावातून युद्धाला इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, असे दोन आकडे. त्या आकड्यांत आपले पणजोबा कुठले, शिंद्यांचा थोरला कुठला, हे पाटी सांगत नाही. आता तिसऱ्यांदा खूण करायची संधी तुमच्या पिढीला आली आहे. तीही बिननावाची होऊ नये.

नावाला मी एवढं महत्त्व का देते, ते खडकीत राहिल्यावरच कळतं. इथली छावणीच मुळी लढाईतून उभी राहिली. ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि कंपनीची फौज इथल्या माळावर भिडली. बापू गोखल्यांनी हल्ला चढवला, मोर दीक्षित त्याच दिवशी पडले. पेशव्यांच्या बाजूनं त्या माळावर पडलेले साधे शिलेदार कोण होते, ते आज कुणाला सांगता येणार? दोन महिन्यांनी, १ जानेवारी १८१८ ला, भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. तिथल्या विजयस्तंभावर मात्र कंपनीच्या पडलेल्या शिपायांची नावं कोरली गेली. ४९ नावांत २२ महार शिपायांची आहेत. ती नावं दगडावर होती म्हणून १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे जाऊ शकले आणि आपल्या समाजाला सांगू शकले की, हे तुमचे पूर्वज, हा तुमचा पराक्रम. आज दरवर्षी लाखो माणसं तिथे जातात. नुसता आकडा कोरला असता, तर त्या स्तंभाशी कुणाला आपलं नातं सांगता आलं असतं?

आता आमची वॉर सिमेट्री घे. मुळा रोडनं जाताना तू बाहेरून पाहिली आहेस. एकदा आत ये. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जवानांच्या समाधी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राहण्याची खात्री नव्हती, त्या एके ठिकाणी आणून ही सिमेट्री केली. जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून पहिल्या महायुद्धातल्या ६२९ जणांचे अवशेष इथे आणून पुन्हा पुरले. आतल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात भारतात वारलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावं आहेत. दुसऱ्या युद्धात लढाईपासून दूर, भारतात मरण पावलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या १९३ जवानांची स्मृतीही इथेच जपली आहे.

एका दगडापुढे उभं राहिलं की पद्धत लक्षात येते. वर पलटणीचं चिन्ह, त्याखाली नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय. काहींवर अगदी तळाशी घरच्यांनी निवडलेली ओळ. अधिकाऱ्याचा दगड मोठा आणि शिपायाचा लहान, असं नाही. सगळ्या रांगा एका मापाच्या. वयांवरून नजर फिरवत गेलं की एकवीस, तेवीस, बावीस असेच आकडे लागतात. माळी गवत कापतो तेव्हा दगडाच्या पायथ्याशी बसून हातानं कड काढतो, कारण यंत्र लागलं तर अक्षरं झिजतील. ज्यांचं कुणीही पुण्यात नाही, त्यांच्यासाठी हे रोज चालतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी इथे पुष्पचक्रं वाहतात, बिगुल वाजतो, दोन मिनिटं सगळे उभे राहतात. तो दिवस चांगलाच. पण मला मोठं वाटतं ते बाकीच्या दिवसांचं काम.

मेलेल्यांची आठवण जपण्याच्या याच कामात आपल्या माणसांवर अन्यायही झाला, हे तुला ठाऊक असायला हवं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुत-अल-अमारा या गावी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या वेढ्यात अडकल्या. खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्याही तिथे होत्या. पोटात अन्न नाही, आणि शरण गेल्यावर वाळवंटातून कैदेची पायपीट. तिकडे मेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला झालं, चाळीस हजारांहून अधिक जणांचं. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे. समाधींची निगा राखणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं स्वतःच्या कारभाराची चौकशी करून घेतली, तिचा अहवाल २०२१ मध्ये आला. तिच्यात निघालं की, ४५,००० ते ५४,००० हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन मृतांना असमान वागणूक मिळाली होती, आणि किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं नोंदच झाली नव्हती. कमिशननं माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, आकड्यांमागची माणसं शोधायचं काम सुरू झालं. आपल्या चावडीवरचे दोन आकडे त्याच हिशेबातले आहेत, बाळू. आपण ते काम आपल्या गावापुरतं पुरं करू शकतो.

सॅपर्सचंच एक उदाहरण देते, ते आतोबा नेहमी सांगायचे. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, मूळचे कारवारकडचे, खडकीत घडलेले बॉम्बे सॅपर. ८ एप्रिल १९४८ ला नौशेराहून राजौरीकडे रणगाड्यांना वाट करून द्यायची होती. रस्त्यात सुरुंग, झाडं आडवी टाकलेली, वरून तोफगोळे. राणे जखमी झाले, तरी चार दिवस सुरुंग काढत आणि अडथळे फोडत राहिले. पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, चालकाला दोरीनं इशारे देत त्यांनी वाट शोधली. त्यांना परमवीर चक्र मिळालं; १९९४ मध्ये ते पुण्यातच वारले, आणि २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. हे सगळं योग्यच झालं. पण पहिल्याच दिवशी त्यांच्या तुकडीतले दोन जवान ठार झाले आणि राण्यांसह पाच जखमी. परमवीराचं नाव पुस्तकात येतं. बरोबरच्या शिपायाचं नाव कुठे येणार? त्याच्या गावच्या दगडावर आलं नाही, तर कुठेच येणार नाही. गावच्या स्मारकाचं खरं काम हेच आहे.

आता जे जिवंत आहेत त्यांच्याबद्दल. १९१७ साली दोन गोष्टी सुरू झाल्या. मेलेल्यांच्या समाधींसाठी तिकडे लंडनला ते कमिशन निघालं, आणि इकडे मुंबईत, जायबंदी होऊन परतलेल्या हिंदी जवानांना हाताला काम शिकवायची शाळा निघाली. ती शाळा १९२२ मध्ये खडकीला आली. तीच आमची क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट. तिच्या जोडीला १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, पॅराप्लेजिक सेंटर सुरू झालं. मणक्याला गोळी लागून किंवा अपघात होऊन ज्यांचं कमरेखालचं, काहींचं मानेखालचं अंग गेलं, असे जवान तिथे राहतात.

आतोबांबरोबर मी तिथे पुष्कळदा गेले आहे. तिथला माणूस गप्पा मारता मारता दोन्ही तळहात खुर्चीच्या हातांवर रोवतो, अंग वर उचलतो, क्षणभर तोलून धरतो आणि पुन्हा टेकतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. खाली संवेदना नसल्यामुळे एकाच जागी भार राहिला तर कातडी मरते, जखम होते, आणि ती जखम जिवावर बेतते. झोपेतही कूस बदलावी लागते. ज्याला ती बदलता येत नाही, त्याची दुसऱ्यानं बदलावी लागते, रोज रात्री, वर्षानुवर्षं. त्याची लढाई अशी रोज चालू असते. तिथले काही जण दातांत कुंचला धरून चित्रं काढतात. कागदापासून तोंड हातभर अंतरावर, मान तिरकी, आणि गुलाबाची एक पाकळी पुरी व्हायला लागणारा वेळ पाहिला की बोलणं सुचत नाही. ते व्हीलचेअरवर बास्केटबॉलही खेळतात, आणि जिंकायलाच खेळतात.

असेच जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर सांगलीकडचे, इस्लामपूरजवळच्या पेठचे. फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलात जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहून त्यांनी भारताला तिथलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. माणूस समोर असताना त्याचं नाव घ्यायला एवढा उशीर आपण करू नये.

म्हणून माझ्या सूचना अशा. कारंजं काढून टाक, तो पैसा नावं कोरायला ठेव. भूमिपूजनाच्या आधी यादी पुरी कर. कमिशनची नोंदवही इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. आपल्याकडच्या बऱ्याच जवानांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. इंग्रजी कारकुनानं कानावर पडेल तसं लिहिलेलं असतं, म्हणून गावाचं नाव दोन-चार तऱ्हांनी शोध. स्वातंत्र्यानंतरच्या नावांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि पलटणींच्या रेकॉर्ड ऑफिसात अर्ज कर. मग यादी घेऊन घरोघर जा आणि प्रत्येक नाव घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून तपासून घे. दगडावर नाव, वडिलांचं नाव, पलटण, वर्ष. क्रम वर्षाचा ठेव. हुद्द्याचा नको, भावकीचा तर मुळीच नको. देणगीदारांची पाटी लांब, वेगळ्या भिंतीवर. अनावरण वीरमाता आणि वीरपत्नींच्या हातून कर. मंत्री आले तर त्यांना पहिल्या रांगेत बसव. वर्षातून एकदा, ७ डिसेंबरला ध्वजदिनी, शाळेतल्या मुलांनी तिथे सगळी नावं मोठ्यानं वाचावीत. आणि झाडलोट, अक्षरांचा रंग, पडझड यांसाठी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरसाल एक ओळ मंजूर करून ठेव, म्हणजे तू सरपंच नसशील तेव्हाही काम थांबणार नाही.

याहून मोठं काम कागदाचं आहे. फौजेच्या कागदात बायकोचं नाव एक, आधारकार्डावर दुसरं, जन्मतारीख तिसरी, असं घरोघरी असतं. जवान हयात असेतो कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की पेन्शन अडते, आणि सत्तरीच्या बाईला नवऱ्याची बायको असल्याचं सिद्ध करत फिरावं लागतं. दगडावरचं नाव अचूक हवं, तसंच पेन्शनच्या कागदावरचंही. घरोघर जाशील तेव्हा हयात माजी सैनिकांचे कागदही पाहा आणि नावात फरक दिसला तर त्यांच्या हयातीतच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या नोंदीतली अधिकृत दुरुस्ती, करून घ्यायला लाव. आपल्या पोरांपैकी एखाद्या संगणक येणाऱ्या मुलाला फौजेच्या पेन्शनच्या 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेचं काम शिकव आणि महिन्यातून एक दिवस ग्रामपंचायतीत बसव. गावानं जवानाला दिलेला हा सन्मान त्याला आणि त्याच्या घराला रोज उपयोगी पडेल.

तुला हे लांबण वाटेल, उद्घाटनाची तारीख पुढे जाईल. जाऊ दे. शंभर वर्षं थांबलेली माणसं आहेत. आणखी चार महिन्यांनी त्यांचं काही बिघडणार नाही, पण नाव चुकलं किंवा राहिलं तर ते पुन्हा कोण शोधणार? स्तंभ केव्हाही उभा राहतो. नावं सांगणारी म्हातारी माणसं मात्र दरवर्षी कमी होताहेत, म्हणून त्यांच्याकडे आधी जा.

घरी सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. : नोव्हेंबर लागलाय. आपल्या गल्लीतल्या तिन्ही पेन्शनधारक काकूंचे हयातीचे दाखले भरलेत का, ते आजच विचार, आणि राहिले असतील तर स्वतः गाडीत बसवून घेऊन जा.