डोंबिवली : ईस्ट की वेस्ट?

हॉस्टेलवर "तू कुठला रे?" या प्रश्नाला "डोंबिवलीचा" असं उत्तर दिलं की समोरून दोनच वाक्यं येतात. विदर्भातला असेल तर "म्हणजे मुंबईच ना?" आणि ठाण्याचा असेल तर "बाप रे, ती गर्दी!" २००५ साली 'डोंबिवली फास्ट' हा पिक्चर आला, तेव्हापासून तर आमच्या गावाचं नाव वैतागलेल्या माणसाला चिकटलंय ते कायमचंच. म्हणून म्हटलं, आपणच चार शब्द लिहावेत.

तर मंडळी, पहिली गोष्ट म्हणजे डोंबिवली मुंबईत नाही. ती ठाणे जिल्ह्यात आहे आणि कारभार कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेकडे. ही महापालिका १९८३ साली झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची, भातशेतीची. पुढे गिरगाव-दादरच्या चाळींत जागा पुरेना, तशी नोकरदार मंडळी लोकलच्या भरवशावर इकडे आली. गावाचे दोन तुकडे रुळांनी केलेत, त्यामुळे पत्ता विचारला की पहिला प्रश्न, "ईस्ट की वेस्ट?"

इथला माणूस सकाळी जातो तो रात्रीच उगवतो. बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटं कल्याणला जाणारे, तिघांच्या बाकावर 'चौथी सीट' पटकावणारे, डब्यात टाळ वाजवून भजन म्हणणारे, दसऱ्याला डबा सजवून पेढे वाटणारे असे सगळे नमुने आमच्याकडे आहेत. एवढा प्रवास करून या लोकांत ताकद उरते कुठून, कोण जाणे!

पण उरते. गणेश मंदिर १९२४ सालचं. त्याच मंदिर संस्थानने १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली. आज गावोगाव पाडव्याला नऊवारी नेसून, फेटे बांधून मिरवणुका निघतात, त्यांचं मूळ इथे आहे. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. शं. ना. नवरे इथेच राहिले, आणि २०१७ चं साहित्य संमेलनही इथेच झालं. हे सगळं करतं कोण? दिवसभर ऑफिसात खर्डेघाशी करून आलेली माणसं. त्यांच्या मीटिंगा रात्री नऊनंतर, कारण त्याआधी कोणी घरी नसतंच.

आता दुसरी बाजू. २७ गावं २००२ साली महापालिकेतून बाहेर काढली आणि २०१५ साली परत आत घेतली. ईस्ट-वेस्ट जोडणारा कोपरचा पूल २०१९ मध्ये धोकादायक ठरून बंद झाला, नवा झाला २०२१ मध्ये. एमआयडीसीत मे २०१६ मध्ये मोठा स्फोट झाला, माणसं गेली. आठ वर्षांनी, मे २०२४ मध्ये, पुन्हा तेच. कारखाने आधी की इमारती आधी, यावर वाद घालत लोक दोन्हींच्या मधे राहतायत.

२०२० साली करोनामुळे शोभायात्रा झाली नाही, तेव्हा घराघरांत हळहळ झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षं १२२ खुर्च्या रिकाम्या आणि कारभार प्रशासकाच्या हाती. त्याबद्दल हळहळणारं माणूस मला तरी भेटलं नाही.

आमचे लोक आळशी म्हणावेत तर शोभायात्रेचा हिशोब ते पै-पैचा ठेवतात. मला वाटतं घोळ वेळेचा आहे. प्रभाग कार्यालय उघडं असतं तेव्हा डोंबिवलीकर सीएसएमटीला असतो, आणि तो घरी येतो तेव्हा तिथे कुलूप. रात्री नऊला उघडं असतं ते मंडळ. म्हणून मंडळ आपलं वाटतं आणि महापालिका 'त्यांची'. मग नऊच्या त्याच मीटिंगमध्ये, ढोलपथकाचा विषय संपल्यावर, अर्धा तास प्रभागातल्या गटाराला आणि फुटपाथला द्यायला काय हरकत आहे? नगरसेवकाला तिथेच बोलवावं. चहा मंडळाचा! सिव्हिलवाल्यांना ठाऊक आहे, पूल एका रात्रीत धोकादायक होत नाही. आधी बरीच वर्षं तो सांगत असतो, ऐकणारा लागतो.

आणि हॉस्टेलकरहो, फार हसू नका. आपल्या गणपतीच्या मीटिंगला कॉमन रूममध्ये उभं राहायला जागा नसते. मेस कमिटीच्या मीटिंगला मागच्या महिन्यात किती जण होते? सहा. त्यातले दोघे जेवण उरलंय का ते बघायला आले होते.

– तृतीय वर्ष, स्थापत्य