गाडीची वासनी

पंचज्ञानेंद्रियांत नाकाइतके उपेक्षित इंद्रिय दुसरे नसेल. डोळ्यांवर कवींनी पानेच्या पाने भरली, कानांसाठी अख्खे संगीतशास्त्र उभे राहिले. नाकाच्या वाट्याला मात्र आले ते मुरडणे, खुपसणे आणि कापणे! आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही नाकाची आठवण होते ती हायड्रोजन सल्फाइडच्या दिवशी, आणि तीही नाइलाजाने. असे हे नाक गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एकदम मानाला चढले, त्याची ही हकीकत.

आमच्याकडे २००९ सालची मारुती ८०० आहे. १९८३ च्या डिसेंबरात ही जात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इवलेसे इंजिन. पंधरा वर्षे भरल्यावर बाबांनी तिची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी करून घेतली, तेव्हा शेजारीपाजारी हसले. पण ती हौस नव्हती. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खानापूरहून बेळगावला न्यावे लागते, आणि परतताना तिच्या अंगात बसची पायरी चढण्याइतके बळ उरत नाही.

अशा गाडीला तेल जळल्याचा वास येऊ लागला. धावताना नाही, रेल्वे फाटकाशी किंवा चौकात थांबली की मग. आजीला आधीच मळमळ, त्यात हा वास. ती पदर नाकाला लावून बसे. एका गुरुवारी ती उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, “आजचा दिवस ऱ्हाऊ दे रे.” हा दिवस राहू देण्यासारखा नसतो, हे तिलाही ठाऊक होते.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट जेमतेम उचलले आणि निकाल दिला : “रिंगा गेल्या. इंजिन उतरवून बांधावं लागणार.” आकडा पस्तीस हजारांचा. निवृत्त प्राथमिक शिक्षकाला हा आकडा तोंडपाठ होण्यासारखा नसतो. गाडी भंगारात घालावी असे बाबांनी जवळजवळ ठरवले होते. त्याआधी एकदा, केवळ मनाचे समाधान म्हणून, आम्ही गावातल्या एका जुन्या कानडी मेस्त्रींकडे गेलो.

त्यांचा पहिलाच प्रश्न, “गुरुजी, गाडीची वासनी कवापास्नं हाय?” तीस वर्षे मुलांना संतांचे अभंग शिकवलेल्या माणसाला गाडीचीही वासना सुटत नाही हे ऐकून हसू आवरेना. (कन्नड विभागातील मित्रांना यात हसण्यासारखे काय ते कळणार नाही. त्यांच्याकडे ‘वासने’ म्हणजे साधा वास. आम्हीच त्या बिचाऱ्या शब्दाचे चारित्र्य बिघडवले.)

मग सुरू झाली उलटतपासणी. वास गोडसर आहे का? तसा असेल तर तो रेडिएटरच्या कूलंटचा. जळक्या कागदासारखा, चढावर क्लच दाबून धरल्यावर येणारा? मग तो क्लचप्लेटचा. रबर, वायर? नाही, आमचा तेलाचाच. आता तेल आत जळते की बाहेर, हा खरा प्रश्न. मेस्त्रींनी मला गाडीच्या मागे उभे केले आणि बाबांना ॲक्सिलरेटर दाबायला सांगितले. रिंगा झिजल्या तर तेल सिलिंडरात शिरते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. तसा धूर नव्हता. पट्टी काढून पाहिली, तेल थोडेसेच उतरले होते. “आत काय झालं न्हाई. भाईर गळालंय,” मेस्त्री म्हणाले.

पण कुठे? सारे इंजिन काळ्या चिकट थराने माखलेले. इथे त्यांनी जे केले ते मला फार आवडले : काहीही न खोलता त्यांनी इंजिन नुसते पुसले. रॉकेल लावून, फडक्याने, अर्धा तास. मग गाडी वीस मिनिटे फिरवून आणली आणि बॅटरी हातात दिली. “तंगी, सगळ्यात वर कुठं वलं हाय ते बघ. खालचं बघू नको.” तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते, म्हणून गळतीचे मूळ नेहमी सर्वांत वरच्या ओल्या जागी. माझ्या बी.एस्सी.च्या तीन वर्षांत निरीक्षणाचा इतका नेटका पाठ मला क्वचितच मिळाला.

ओल होती टॅपेट कव्हरच्या काठाशी. तिथले पॅकिंग उन्हात वाळवलेल्या सांडग्यासारखे कडक झाले होते. थेंब थेंब तेल खालच्या तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडे. धावत्या गाडीत तो धूर वारा उडवून नेई. थांबल्यावर तो बॉनेटखाली साठे आणि काचेच्या पायथ्याच्या हवाझरोक्यातून थेट आजीपर्यंत पोचे. हे केवळ नाकाचे दुखणेही नव्हे. इंजिन ऑइलची वाफ पेट घेऊ शकते ती २०० अंश सेल्सियसच्या थोडी पुढे, आणि मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी तापतो. वासाबरोबर दाट धूर दिसला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, हे मेस्त्रींनी दोनदा बजावले.

पॅकिंग बदलण्यापूर्वी त्यांनी ब्रीदरची नळी काढून फुंकली. फुंकर पलीकडे जाईना! आतल्या वायूंना वाट मिळाली नाही की दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येते. नुसते पॅकिंग बदलले असते तर नवेही लवकरच गळले असते. नळी साफ झाली, कव्हरचा काठ घासून कोरडा केला, नवे पॅकिंग बसले. आवळताना पाना त्यांनी माझ्या हातात दिला, पण जोर लावू दिला नाही. जास्त आवळले तर पॅकिंग चेपून बाहेर येते म्हणे.

सगळे मिळून झाले साडेसातशे रुपये, त्यातच वर घातलेले तेल. “अजून दोन फेऱ्या वास येईल, सांडलेलं जळायचं हाय,” असे त्यांनी आधीच सांगितले होते, आणि आला. रात्री गाडीखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद मात्र पहिल्याच सकाळी कोरा निघाला.

तिसऱ्या फेरीला परतताना फाटक पडलेले होते. बाबांनी आणि मी एकाच वेळी श्वास आत ओढला. मागून आजी म्हणाली, “काच वर घे गं, गार लागालंय.”