जाणणे आणि मानणे

औषध आणि क्रमिक पुस्तक या दोन वस्तू माणूस आपखुशीने क्वचितच घेतो. औषध कडू लागले तर तोंड वाकडे करता येते. पुस्तक कडू लागले तर ‘हे माझ्या धर्माविरुद्ध आहे’ असे म्हणण्याची सोय आहे. पण असे म्हणणारा प्रत्येक विद्यार्थी कामचुकार असतो, असे मात्र मुळीच नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेतल्या एका कॅथलिक विद्यापीठात आहे. शिकायला गेली अर्थशास्त्र. पण तेथे ईश्वरशास्त्र सर्वांनाच सक्तीचे. एका रात्री तिचा फोन आला.

“बाई, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, यावर निबंध लिहायचाय. समोर आजीनं दिलेली दत्ताची तसबीर आहे. लिहायला हात धजत नाही. नाही म्हणून सांगू का?”

तिच्याच वर्गातल्या एका कॅथलिक मुलीची तऱ्हा निराळी. साहित्याच्या तासाला नेमलेली कादंबरी पाखंडी, म्हणून ती वाचायला तयार नव्हती. धर्म दोन, पण धास्ती एकच!

एके काळी हे ‘नाही’ विद्यार्थ्याला म्हणावे लागत नसे. ते रोम म्हणत असे. १५५९ साली पोपने निषिद्ध ग्रंथांची यादी काढली. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’सुद्धा १८६४ साली तीत जाऊन बसली. यादीतले पुस्तक अभ्यासाला हवे असले तरी कॅथलिक विद्यार्थ्याला धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागे. १९६६ साली या यादीचा अंमल संपला. आता गंमत अशी, की बिशपने सोडलेली कात्री विद्यार्थ्यानेच उचलली आहे.

आणि कॅथलिक परंपरेतही या कात्रीला विरोध करणारे होतेच. डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठाची कल्पना १८५२ साली मांडताना न्यूमनने म्हटले होते, की माणूसच जर पापी, तर त्याचे साहित्य निष्पाप कुठून असणार? ते मुलांपासून दडवाल, तर बाहेर पडताच जग त्यांना तेच शिकवील, आणि तेव्हा शेजारी गुरू नसेल.

वॉशिंग्टनचे जॉर्जटाउन विद्यापीठ जेझुइटांचे, १७८९ सालचे. तेथे पदवीच्या विद्यार्थ्याला ईश्वरशास्त्राचा अभ्यास करावाच लागतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो. २००५ साली त्याची शाखा कतारमध्ये निघाली, तेव्हा ‘ईश्वराचा प्रश्न’ हा विषयही बरोबर गेला, आणि मुसलमान मुलेमुली तो शिकू लागली. आपल्याकडे तर याहून जुने उदाहरण आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही ओवीत! त्याने आपली ओवी पुरती जाणली. आपले देव काही मानले नाहीत.

म्हणून मी तिला विचारले, “तो देव मान असं सांगितलंय, की समजावून सांग असं?”

“समजावून सांग.”

“मग लिही. ‘मान’ म्हणाले, तर मात्र कागद कोरा ठेव.”

जाणल्याने मानणे हलतच नाही, असे मी तिला सांगितले नाही. ते खोटे झाले असते. ज्ञान घरात आले की भांडी थोडीफार वाजायचीच. तिने निबंध लिहिला, आणि लिहिता लिहिता तिलाच प्रश्न पडला, की तीन शिरांचा आपला दत्त तरी एक कसा? दुसऱ्या दिवशी तिने आजीला फोन केला. आजीशी देवाविषयी ती पहिल्यांदाच अर्धा तास बोलली.

शिकवणाऱ्याने मागावे ते जाणणे. मानणे मागण्याचा अधिकार त्याला नाही. आणि शिकणाऱ्याने मानण्याला खुशाल नकार द्यावा; जाणण्याला देऊ नये. जी श्रद्धा एका निबंधानेही मोडेल अशी भीती वाटते, तिला कुलपापेक्षा ओळखीची गरज अधिक असते.