हर्ष देणारा आकडा

मंडळी, मी बीए मराठीची. पण शाळेत शिक्षक कमी पडले की पाचवी-सहावीचं गणित माझ्याच गळ्यात यायचं. तेव्हापासून एक आकडा सोबतीला आहे. १४२८५७. एकाला सातने भागा, दशांशचिन्हापुढे हेच सहा अंक फिरून फिरून येत राहतात.

आता त्याला दोनने गुणा : २८५७१४. तीनने : ४२८५७१. चार, पाच, सहाने तुम्हीच गुणून बघा. अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात निराळी. म्हणून ही चक्रीय संख्या.

आमच्या नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) नावाचे शाळामास्तर होते. त्यांना संख्यांची कुळं शोधायचा नाद. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, ती 'हर्षद' संख्या, हर्ष देणारी. हे नाव त्यांचंच. आपल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज २७, आणि २७ गुणिले ५२९१ म्हणजे बरोब्बर १४२८५७. झाली की नाही हर्षद? पुढची गंमत तर आणखी भारी. याचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९, आणि बेरीज करा. पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपल्याकडच्या पुष्कळ गणितज्ञांना मात्र हे काम किरकोळ वाटायचं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. असो.

"पण आजी, याचा उपयोग काय?" नात फोनवर विचारते. तिचंही बरोबर आहे. याने ना बिल भरता येतं, ना पूल बांधता येतो.

माझी थोरली बहीण सध्या माझ्याकडे असते. ताईला आज वार कोणता ते सांगता येत नाही, कधी कधी माझं नावही नाही. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, तर ९३ वर थांबली. पण पावकी-दिडकी अजून खणखणीत म्हणते, आणि कागदावर मांडून दिलं तर गुणाकार करते. म्हणून संध्याकाळी चहा झाला की तिला हा आकडा लिहून देते. दोनने झालं, तीनने झालं की मान वर करते. "अगं, तेच आहेत की हे सगळे!" आणि हसते. काल हसली होती हे तिला आठवत नाही, म्हणून रोज तेवढंच हसते.

सातने गुणलं की ९९९९९९ येतात. तिथे ती बावरते. "गेले कुठे सगळे?" मग मी घाईने आठने गुणायला लावते. ११४२८५६. पुढचा एक उचलून शेवटच्या सहात मिळवायचा.

"आले गं," म्हणते, आणि पेन्सिल खाली ठेवते.