आधी गोळा, मग आवाज

पिरॅमिड पाहून झाले, नाईलमधली नौका झाली, सौ.ची पपायरसची खरेदीही (घासाघीस करकरून!) झाली. तेव्हा भीत भीत मी माझा हट्ट पुढे केला. एक दिवस अल अलामीनला जायचे.

"तिथे काय आहे?"

"वाळू," मी खरे तेच सांगितले, "आणि एक तोफ."

अठरा वर्षांच्या संसारात ऐकलेल्या खुळांत सौ.ने हेही एक जमा केले. चिरंजीव मात्र अकरावीचे, शास्त्र शाखेचे. तोफ म्हणताच ते बूट घालून तयार!

अलेक्झांड्रियाहून पश्चिमेला शंभरएक किलोमीटर जायचे. उजव्या हाताला दृष्ट लागावी असा निळा समुद्र, डाव्या हाताला रखरखाट. किनाऱ्यावर आता उंच इमारतींचे नवे शहर उठले आहे. ते मागे पडले, की लागते सात हजारांवर थडग्यांचे मोठे शांत दफनस्थान. तिथेच एक स्मारक आहे ते अग्निसंस्कार झालेल्या सहाशेहून अधिक सैनिकांचे. परक्या वाळूत दहन झालेली ती माणसे! सौ.ने डोक्यावर पदर घेतला आणि कितीतरी वेळ ती तिथून हलली नाही. माझा हट्ट वाया गेला नाही, एवढे मला तेव्हाच कळले.

मग युद्धसंग्रहालय. अंगणात रणगाडे आणि तोफा उन्हात तापत उभ्या आहेत, आणि त्यांत ती जर्मन 'अठ्ठ्याऐंशी'. गोळ्याचा व्यास ८८ मिलिमीटर, म्हणून हे नाव. जर्मन शिपाई तिला 'आख्त-आख्त', म्हणजे आठ-आठ, म्हणत. जवळजवळ पाच मीटरची सडसडीत नळी, आणि खाली जमिनीवर पसरायची फुलीसारखी बैठक. खरे तर ही विमानांवर मारा करायची तोफ. व्हर्सायच्या तहाने जर्मनांचे हात बांधले होते, तेव्हा क्रुपचे तंत्रज्ञ स्वीडनमध्ये बोफोर्सच्या कारखान्यात बसून हिच्या आराखड्यावर काम करीत होते. आठ हजार मीटर उंचीवरचे विमान गाठायचे, तर नऊ किलोचा गोळा सेकंदाला आठशेहून अधिक मीटर वेगाने फेकायला हवा. तीच नळी आडवी केली तर समोरच्या पोलादाचे काय होईल, ते जर्मनांनी आधी स्पेनच्या यादवीत पाहिले आणि मग आफ्रिकेत रोमेलने जगाला दाखवले.

हे सारे पुस्तकी झाले. मी आलो होतो ते आप्पाआजोबांसाठी.

आप्पाआजोबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. साताऱ्याकडचे आमचे गाव. तिथून ते मराठा पलटणीत भरती झाले, ते दुसऱ्या बटालियनीत. १५ जून १९४१ रोजी ही पलटण हल्फाया खिंडीवर चालून गेली. लिबियाच्या सरहद्दीजवळची ही खिंड. आपले लोक समुद्राकडून, खालून वर चढत होते; वरच्या पठारावरून कॅमेरॉन हायलँडर्स आणि माटिल्डा रणगाडे येत होते. माटिल्डाचे पुढचे चिलखत ७८ मिलिमीटर जाडीचे. तिला काही होत नाही, अशी इंग्रजांची खात्री! खिंडीत अठ्ठ्याऐंशी तोफा होत्या अवघ्या चार-पाच, वाळूत खड्डे खणून नळ्यांपर्यंत पुरलेल्या. खिंड राखणारा कॅप्टन बाख हा एरवी मानहाइमचा पाद्री. त्याने रणगाडे अगदी जवळ येऊ दिले. पुढे पठारावर माटिल्डांच्या होळ्या पेटल्या. खिंड काही त्या दिवशी पडली नाही. बाखने ती जानेवारी १९४२ मध्ये दिली, ती उपासमारीने. त्याच जूनमध्ये तोब्रुक पडले आणि आप्पाआजोबांची पलटण कैदेत गेली. पुढे २३ ऑक्टोबरच्या रात्री, आपल्याकडे कोजागिरीचे चांदणे पडले असेल तेव्हा, अलामीनला शेवटची मोठी लढाई सुरू झाली. त्या वेळी ते तारेच्या कुंपणाआड होते.

लढाईबद्दल ते एकच वाक्य बोलत. "लेकरा, तिचा गोळा आधी यायचा. आवाज मागनं यायचा."

मी तेव्हा सातवीत होतो. शहरातून सुटीला आलेला, दोन पुस्तके वाचलेला शहाणा. ओटीवर सगळ्यांदेखत मी म्हणालो, "आप्पा, तोफ उडाली की आवाज आधीच होणार ना! आवाजाशिवाय गोळा कसा येईल?" भावंडे खो खो हसली. आप्पाआजोबाही हसले. चिलीम झटकून गोठ्याकडे गेले. त्यानंतर ते वाक्य मी कधी ऐकले नाही. १९९४ साली ते गेले.

तोफेसमोर उभे राहून हे सारे मी पहिल्यांदाच चिरंजीवांना सांगितले. हसेल म्हटले, तर त्याने खिशातून कागद काढला.

"बाबा, आवाजाचा वेग सेकंदाला तीनशे चाळीस मीटर. हिचा गोळा सुटतो आठशेच्या वर. दीड किलोमीटरवर उभे असाल, तर गोळा दोन सेकंदांत येतो, आवाज साडेचार सेकंदांत. वाटेत गोळा थोडा मंदावतो, तोही धरलाय मी."

"म्हणजे?"

"म्हणजे आप्पापणजोबा बरोबर होते."

मी काहीच बोललो नाही. सौ. म्हणाली, "अडीच सेकंद म्हणजे केवढे रे?"

त्याने बॅरलकडे बोट केले, मग झटकन माझ्या छातीवर टेकवले आणि मोठ्याने मोजू लागला, "एक... दोन..." आणि मग त्याने टाळी वाजवली.